नांदायला गेलेलं पाकीट

इंदूफुईला कुणी "डिझाईन कसं झालंय?" असं विचारलं की ती भडकायची. फुई म्हणजे आत्या, फुवा म्हणजे तिचे यजमान. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी एकदाच सांगते, पुन्हा सांगणार नाही. "कसं झालंय, कसं झालंय! मी काय जोतिषी शे का?" असं म्हणत ती समोरच्याच्या हातातला कागद ओढून घ्यायची आणि पायात एक चप्पल स्वतःची, एक फुवांची अशी अडकवून तरातरा दुकानाबाहेर पडायची. मग तो कागद कधी समोरच्या पानटपरीच्या फळीला, कधी रस्त्यापलीकडच्या लिंबाला, कधी बसस्टँडच्या खांबाला डकवलेला दिसायचा, आणि फुई लांब उभी राहून, पदर डोक्यावर घेऊन, डोळे बारीक करून येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत असायची. शहाद्यात तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता. नवखा कुणी थांबून बघायला लागला तर लोकच त्याला सांगायचे, "काही नही भो, इंदूबाईनं काम चाली ऱ्हायनं."

तिच्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान आणि मागच्या खोल्यांत संसार होता, पण दोघांमधली भिंत नावापुरतीच. लग्नाच्या कार्डांच्या गठ्ठ्यांवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या आणि भांड्यांच्या फडताळात रंगाच्या बाटल्या, असा सगळा कारभार. मी ब्राह्मणपुरीहून कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले तेव्हा पहिले काही दिवस मला भाकरीलाही शाईचा वास यायचा. आमच्या गावच्या घरी सगळं आखीव: कापूस, केळी, गुरं, पहाटेचं दूध, संध्याकाळचा दिवा. इथे पहाटे फुवा उठून नगरपालिकेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायला जायचे, उजाडता उजाडता परत यायचे आणि चक्क चुलीला लागायचे. फुई चित्रकलेचा डिप्लोमा केलेली, एका शाळेत शिकवत होती तिथून हेडमास्तरशी भांडून बाहेर पडलेली, गावभर गाजलेली बाई. पण तिची भाकरी म्हणजे नकाशाच, एकीकडे समुद्र, एकीकडे डोंगर. म्हणून स्वयंपाक फुवांकडे. त्यांच्यासारखी शेवभाजी मी आजवर कुठे खाल्ली नाही. खोबरं आणि कांदा ते थेट विस्तवावर भाजायचे, आणि वाटण पाट्यावर घसरत असताना पुढच्या खोलीत रंग ओढायचं रबर छपाईच्या जाळीवर घसरत असायचं. ते दोन आवाज एका लयीत चालायचे. मध्येच बसस्टँडवरचा भोंगा कुठल्या तरी गाडीचं नाव घ्यायचा आणि कॉम्प्युटरचा पंखा घरघरत राहायचा. हे यंत्र तेव्हा नवंच आलं होतं. फुई त्याला हात लावायची नाही. माझ्यामागे उभी राहून सांगायची आणि मी माउस फिरवायची. तो मला फार पटकन जमला. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा काहीतरी दुसऱ्यांपेक्षा बरं येत होतं, आणि त्याचा आनंद काय सांगू! रात्री झोपतानासुद्धा बोटं हलायची.

फुई ज्या कामासाठी रस्त्यात उभी राहायची त्याला आमच्या दुकानात शब्द होता: नांदवणं. डिझाईन नांदवून पाहायचं. "मायना घरमा सगळ्या पोरी गुनी ऱ्हातस," ती म्हणायची, "आठे ह्या पडदावर काय बी चांगलंच दिसस. ज्या घरमा जावानं शे तठे एक दिवस ऱ्हाऊ दे. मंग बोल." लग्नाचं कार्ड असलं तर ते दुसऱ्या कार्डांच्या गठ्ठ्यात खुपसून कुणाला तरी सांगायचं, पाटलांकडचं कार्ड काढून दे. दुकानाची पाटी असली तर ती दुपारच्या उन्हात, धुळीत, शेजारच्या पाट्यांच्या मधोमध टांगायची. आणि एक गोष्ट कधीही करायची नाही: लोकांना मत विचारायचं नाही. "इचारं तर लोके 'भारी शे' म्हनतस. लोके भले शेतस व पोरी, त्यास्ले आपलं मन मोडवत नही. त्यास्ले काम सांग आनि त्यास्ना हात देख." एका डॉक्टरांना बारीक, नखरेल अक्षरांची पाटी हवी होती. फुईने ती कागदावर काढून त्यांच्या दाराशी लावली आणि मोतीबिंदू झालेल्या एका बाबांना सांगितलं, डॉक्टरकडे जाऊन बसा. बाबा शेजारच्या टेलरकडे शिरले, स्टुलावर बसले आणि जीभ बाहेर काढून वाट बघत राहिले. टेलर बिचारा हातात टेप घेऊन उभा. डॉक्टरांनी मुकाट्याने जाड अक्षरं कबूल केली. हसून हसून माझं पोट दुखलं, पण मला तेव्हाच वाटलं होतं, ही बाई साधी नव्हे.

आज माझ्या स्वतःच्या दुकानात पोरी फोनवरच डिझाईन पाठवतात, गिऱ्हाईक फोनवरच अंगठा दाखवतं आणि झालं फायनल. मी आरडाओरडा करते. पोरी एकमेकींकडे बघून हसतात, म्हातारी सुरू झाली म्हणतात. म्हणू देत.

तर, मला शहाद्याला ठेवायचं की नाही हे अजून ठरायचं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, शिक्षणाच्या विरुद्ध नव्हते, पण परीक्षा आटोपली की मुलीने घरी यावं हे त्यांचं साधं मत होतं. कळसाडीच्या एका घरातून विचारणाही आली होती. फुई त्यांची धाकटी बहीण. ती भावाशी भांडली, रुसली, शेवटी म्हणाली, "पोरना हातमा काम शे, भाऊ. ते मारू नको." त्यावर नाना शांतपणे म्हणाले होते, "काम शे तर दखाव. तिना हातनी एखादी वस्तू दुकानमा इकाले लागू दे. मंग मी नाव नही काढाव." परीक्षा झाली की ते मला घ्यायला येणार होते. तोवर माझ्या हातचं काही दुकानात दिसलं तर मी राहणार, नाही तर पेटी बांधायची. एवढं स्वच्छ होतं ते. मला राहायचं होतं. त्या शाईच्या वासाच्या घरात, त्या चक्रम बाईच्या पाठी फिरत, मला जन्मभर राहायचं होतं.

आणि नेमके तेव्हाच पुखराजशेट आले. अक्कलकुव्याला हमरस्त्यावर त्यांचं किराणा दुकान. राजस्थानातून पिढ्यांमागे आलेलं घर, पण शेटजींची अहिराणी आमच्यापेक्षा ठसकेबाज; व्यवहाराला मात्र ते मराठीच वापरायचे. नंदुरबारच्या पथारींवर वाळवलेली मिरची घेऊन, कुटून, पाकिटात भरून ती डोंगरातल्या बाजारांत विकायची असं त्यांनी मनावर घेतलं होतं. आईचं नाव धापूबाई, म्हणून मिरचीचं नाव धापू. पाकीट सुरतेला छापायचं होतं, आणि तिथे छपाईचे सिलेंडर एकदा कोरले की संपलं, मग अक्षर हलवायचं म्हटलं तरी नाही. फुईने काम माझ्याकडे दिलं. म्हणाली, "मी तोंड उघडाव नही. तू कर."

मी किती जीव ओतला त्या पाकिटावर! पांढरीशुभ्र जमीन, वर लालभडक अक्षरांत धापू, आणि खाली मधोमध टोकावर उभा केलेला चौकोन. चौकोन सरळ ठेवला की मठ्ठ दिसत होता; टोकावर उभा करताच पाकिटाला असा काही डौल आला की मी खुर्चीत उडालेच. त्याचे मधून आडवे दोन भाग केले. खालचा अर्धा भडक लाल, वरचा पांढरा, आणि त्या पांढऱ्यात काळ्या रेषेने काढलेल्या दोन मिरच्या, एकमेकींवर तिरप्या टाकलेल्या. हे मला कुठून सुचलं? मला वाटलं, आतून सुचलं. फुईने लांबून, जवळून, कागद उलटा धरून पाहिलं आणि म्हणाली, "उठाव भारी शे." तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. फुवांनी त्या दिवशी दराब्याचे लाडू वळले.

पुखराजशेट बघायला आले आणि पडद्यासमोरून उठेनात. "वा बेटा, वा! इंदूबेन, ही पोरगी तुमच्या पुढे गेली." लगेच पेढे आले. "फायनल! उद्या आमचा माणूस सुरतेला निघतोय, त्याच्याबरोबर देऊन टाका."

फुई गिऱ्हाइकाशी शाळेतली मराठी बोलायची, घरात अहिराणी. "शेटजी," ती गोडीने म्हणाली, "नांदवून पाहिल्याशिवाय आमच्या दुकानातून काही जात नाही."

"अहो, मला पसंत, माझ्या घरात पसंत, माझ्या आईला पसंत. आता काय राहिलं? लग्न लावून टाका!"

"पसंती तुमची झाली. नांदायचंय तिला बाजारात."

शेटजी कुरकुरले, माणूस थांबवला, पण कबूल झाले. मी मात्र मनातून चरफडले. सगळं हातात आलं असताना ही बाई खोडा का घालते? नानांचं येणं चार दिवसांवर आलं होतं. पण फुईपुढे बोलायची टाप कुणाची!

अक्कलकुव्याच्या बाजाराच्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. नंदुरबारहून रंगीत कागद छापून आणले होते. ते पाकिटांसारखे चिकटवून आत खरंखुरं तिखट भरलं होतं, म्हणून सगळ्या बसभर लोक शिंकत होते आणि फुई प्रत्येकाकडे रागाने बघत होती, जणू शिंकणाऱ्याचीच चूक. तळोदा मागे पडलं, सातपुडा खिडकीला चिकटून चालायला लागला, आणि अक्कलकुव्यात उतरलो तर बाजार अंगावरच आला. हमरस्त्यावर गुजरातेकडे जाणारे ट्रक, दोन्ही कडेला भाजीच्या राशी, कोंबड्या, मीठ, बांगड्या, डोंगरातून उतरलेली माणसं, आणि शेजारच्या ओळीत सुकी मासळी, जिच्या वासाने शेटजी वर्षानुवर्षं नाक मुरडत आले होते. फुईने आमची पाकिटं दुकानाच्या फळीवर दुसऱ्या तिखटांच्या आणि हळदीच्या पाकिटांत मिसळून मांडली. "आते ह्या तिन्या जावा," म्हणाली. मग गुळाच्या पोत्यावर ठाण मांडून बसली, पाहुणी आल्यासारखी.

शेटजींना तिने पढवून ठेवलं होतं. तिखट मागायला कुणी आलं की काही बोलायचं नाही, फक्त फळीकडे बोट दाखवायचं. पहिले एक मास्तर आले. त्यांनी नाव वाचलं, हसले आणि धापू उचललं. मग तळोद्याची एक बाई, तिनेही धापूच. मग एक एसटीचा कंडक्टर. मी आनंदाने पोत्यावर नीट बसू शकत नव्हते. फुईच्या दंडाला मी चिमटा काढला. ती ढिम्म. "वाचनारा लोके शेतस हाई," एवढंच पुटपुटली. "वाचनारं सोबतमा नही ऱ्हायनं की काय व्हस ते देखानं शे."

उन्हं चढली तशी डोंगरातली गर्दी दुकानात शिरली. त्यांत जमनीबाई होती, मोलगीच्या बाजूची, शेटजींचं जुनं गिऱ्हाईक. दर वर्षी घरच्यांबरोबर गुजरातेत कापूस वेचायला जायची आणि परतली की इथूनच सामान भरायची. कडेवर नाही मावणार आणि हात सोडून राहणार नाही अशा वयाची नात बरोबर. तिने मीठ घेतलं, गूळ घेतला, तेलाची बाटली भरून घेतली. मिरची ती नेहमी सुटी घ्यायची. पण शेटजींना राहवलं नाही. त्यांनी सगळं पढवलेलं विसरून धापूचं पाकीट काढलं आणि न बोलता तिच्यापुढे ठेवलं, मोठ्या कौतुकाने.

जमनीबाईने ते पाकीट बघितलं. मीठ आणि गूळ तिने टोपलीत रचले होते. पाकीट तिने टोपलीत ठेवलं नाही. कमरेचं फडकं सोडलं, त्यात ते गुंडाळलं, आणि टोपलीच्या बाहेरून, कडीला, लोंबतं बांधलं. नातीने त्या लाल रंगाकडे हात नेला तशी तिच्या हातावर फाटकन चापट बसली. पोर रडलीसुद्धा नाही, झटकन हात मागे घेऊन उभी राहिली, जणू हे तिला पाठ होतं. मग जमनीबाईने आपली बोटं लुगड्याला पुसली आणि शेटजींकडे बघत म्हणाली, "अन् मिरची? मिरची राहिली."

"दिली ना!" शेटजी म्हणाले.

"कुठं दिली?" ती टोपली हलवून बघायला लागली. "हे कापसाचं औषध दिलं तू. कापूस तर वेचून झाला, आता औषध काय करू? बोललं नाही, फुकट देतोय तर देऊ दे म्हटलं."

दुकानात दोघंतिघं हसले. शेटजीही हसले. मी हसले नाही. ती चापट मी ओळखली होती. ती माझ्या आईची चापट होती. आमच्या गावच्या गोठ्यात फवारणीच्या औषधाच्या पुड्या तुळईवर ठेवलेल्या असायच्या, आमचा हात पोचू नये म्हणून. एकदा कुणाकडून तरी रिकामी पुडी खाली पडली, ती आमच्या कपिली गाईच्या वासराने चाटली आणि संध्याकाळपर्यंत ते पाय झाडून गेलं. त्यानंतर आईने आम्हा भावंडांना ओळीने उभं केलं, त्या पुडीवरचा टोकावर उभा चौकोन दाखवला, खाली भडक रंग, वर पांढऱ्यावर कवटी आणि तिरपी हाडं, आणि सांगितलं, हे चिन्ह दिसलं की हात मागे. आम्हाला अक्षरओळख नव्हती तेव्हा ते चिन्ह ओळखता येत होतं. आणि मी तेच, रेषेला रेष तेच, मिरचीच्या पाकिटावर काढलं होतं. कवटी नव्हती एवढंच. हाडांच्या जागी मिरच्या होत्या. आतून सुचलं म्हणे! गोठ्याच्या तुळईवरून खाली उतरलं होतं ते.

मी फुईकडे बघितलं. तिचा चेहरा उतरलेला मी प्रथमच पाहत होते. तीही त्याच घरात, त्याच गोठ्यात वाढलेली. कपाळावर हात मारून घेत ती म्हणाली, "व माय! जनमभर देखेल शे म्हनीसन माले बी दिसनं नही." मग उठली, जमनीबाईच्या टोपलीची गाठ स्वतःच्या हाताने सोडली, पाकीट काढून घेतलं, आणि तिला सुटी मिरची चांगली ओंजळभर जास्त बांधून दिली, शेटजींना न विचारता.

"अहो, एकटीचा गैरसमज झाला," शेटजी म्हणाले. "बाकी सगळ्यांनी उचललंच ना! हिलाही होईल सवय. महिनाभर खाल्लं की सगळा डोंगर ओळखेल, ही धापूची खूण."

तेव्हा फुई अहिराणीवर आली, आणि मी समजले की आता काही खरं नाही. "सवय व्हई, तेच तर भ्याव शे, शेटजी! आज ती पोरनी हात मांगे लिधा. तुन्ही मिरची खाईखाई तिनी भीती मोडी जाई. मंग ज्या दिन घरमा खरी पुडी येई, त्या दिन ती हात मांगे लेवाव नही. पाकीट चालनं नही तर तुन्ही मिरची पडी ऱ्हाई. पाकीट चालनं तर काय व्हई ते बोल!"

शेटजी लाल झाले. गिऱ्हाइकांसमोर त्यांना असं कुणी बोललं नसावं. "मी पसंत केलंय. पाकीट माझं आहे, इंदूबेन. मला हेच पाहिजे."

फुईने माझ्याकडे बोट केलं. "डिझाईन मन्हं नही, इन्हं शे. मंगे, तू बोल."

खोटं कशाला लिहू? माझ्या डोळ्यांपुढे नाना आले, हातात पिशवी घेऊन उभे असलेले. हे पाकीट गेलं तर मी राहणार होते; हे पाकीट अडलं तर मी जाणार होते. जमनीबाईची नात पायरीवर बसून गुळाचा खडा चोखत होती आणि फुईच्या हातातल्या पाकिटाकडे टक लावून बघत होती. तिला तो लाल रंग आवडला होता, दिसतच होतं. पण हात तिने मांडीखाली दाबून ठेवला होता.

"शेटजी," मी म्हणाले, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही म्हणून पुन्हा म्हणाले, "शेटजी, हे पाकीट मी देणार नाही. दुसरं करून देईन."

"मग सुरतवाला करून देईल!"

"देऊ दे," फुई म्हणाली, "पन हाई चौकट तठे लई जाऊ नको. इतलंच सांगस." तिने फळीवरची सगळी पाकिटं गोळा करून झोळीत भरली. शेटजींनी चहासुद्धा विचारला नाही. पुढे ते स्वतः शहाद्याला आले, अवघडून बसले, म्हणाले, माझी पण नात आहे, आणि मी केलेलं दुसरं पाकीट घेऊन गेले. ते अजूनही त्या बाजारात विकलं जातं. पण परतीच्या गाडीत मला हे कुठे माहीत होतं! मी खिडकीकडे तोंड करून रडत बसले. लोकांना वाटलं तिखटाने. फुईने झोळी पायाशी सरकवली. मग तिने माझं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "असं शेटना तोंडवर बोलानं माले तुन्हा वयमा जमतं नही व्हतं." आयुष्यात मला पुढे थोडेफार मानसन्मान मिळाले, शालीबिली मिळाल्या. त्या वाक्याची सर एकालाही आली नाही.

नाना ठरल्या दिवशी आले. हातात पिशवी होतीच, रिकामी, माझे कपडे न्यायला. मी खुंटीवरून कपडे काढायला हात लावला होता, एवढ्यात मला दिसलं की फुईने धापूचं एक पाकीट स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या आणि हळदीच्या बरण्यांमध्ये नेऊन ठेवलंय. "फुई, हे इथे कशाला?" मी विचारलं. "गप ऱ्हाय," ती कुजबुजली, आणि दारात जाऊन गोड आवाजात म्हणाली, "भाऊ, ये. माठमा थंडं पानी शे. तूच लई ले."

नाना आत गेले. तांब्याचा आवाज आला. मग नाना बाहेर आले, दोन बोटांच्या चिमटीत पाकिटाचा कोपरा धरून, अंगापासून लांब. आमच्याकडे न बघता ते थेट परसात गेले, पाकीट भिंतीवर उंच, कुणाचा हात पोचणार नाही असं ठेवलं, आणि साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, फवारणीहून आल्यावर धुवायचे तसे. मग फुवांवर तोफ सुटली. "सैंपाकघरमा औषध ठेवतस का कोनी? हयदनी बरनीले लागेल व्हतं! डोकं ठिकानवर शे का तुम्हनं?" फुवा हातात झारा घेऊन नुसते बघत राहिले, त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं.

फुई हसत हसत खालीच बसली. "भाऊ, ती मिरची शे."

"मिरची?"

"तुन्ही पोरनी बनाडेल पाकीट शे. शेटले इतलं आवडनं की पेढा वाटात. आनि इन्हंच भरेल बजारमा त्याना तोंडवर रद्द करं. तू लेवाले येवाव शे, हाई माहीत व्हतं तरी."

नाना ओल्या हातांनी तसेच उभे राहिले. भिंतीवरच्या पाकिटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "रद्द कसाले करं?"

मी म्हणाले, "नाना, हाई पाकीट चालतं ना, तर तुम्ही आते जे करं ते लोके कराले इसरी जातात."

नानांनी हात पुसले. जेवायला बसले. फुवांची शेवभाजी त्यांनी दोनदा मागून घेतली, वासराची आठवण काढली, त्या वर्षी पाऊस कसा होता ते सांगितलं. मी राहायचं की जायचं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. फुई शहाणी, तिनेही विचारलं नाही. मग गाडीची वेळ झाली, भोंग्यावर नाव आलं, नाना उठले. खुंटीशी गेले. माझे कपडे तिथे होते, अर्धे काढलेले, अर्धे लोंबणारे. त्यांनी खाली घसरलेली ओढणी उचलून पुन्हा खुंटीला अडकवली. रिकामी पिशवी झटकून तिची नीट घडी केली, काखेत मारली, आणि उंबऱ्यात चप्पल घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "नवं पाकीट बनाडशी ना, तवय पहिले ब्राह्मणपुरीले धाड. मन्हा घरमा नांदाडी देखसूत."